चाकं बदलली आणि टायरचा पिवळा दिवा लागला: शोधायला सुरुवात कुठून करायची

माझी गाडी २०२१ची आहे. तेव्हापासून मीटरवरचा तो पिवळा दिवा पाच वेळा लागला. आडव्या कापलेल्या टायरचं चिन्ह आणि मधोमध उद्गारचिन्ह, तोच. पाचपैकी एकदाच टायरमध्ये खरोखर हवा कमी होती. बाकी चारही वेळा त्याआधी कुणीतरी चाकाला हात लावला होता. एकदा अलॉय बदलले, एकदा मीच चुकीचा सेन्सर आणला, एकदा स्टेपनी लावली आणि एकदा टायरमध्ये पंक्चरचं औषध ओतलं. चारही वेळा टायरवाल्यानं एकच वाक्य ऐकवलं: "साहेब, हवा बरोबर आहे. लाईट चालवून चालवून जाईल आपोआप."

कधी कधी जातो खरंच. न गेल्यास काय करायचं, त्यासाठी हे लिहितोय. पण आधी एक सांगतो. या दिव्याचा बराचसा त्रास चाक खोलण्याआधीच टाळता येतो. चाक बसल्यावर शोधत बसलात तर टायर पुन्हा रिमवरून काढायची वेळ येते, आणि बॅलन्सिंगचे पैसेही दुसऱ्यांदा जातात.

सुरुवात दिव्याच्या वागण्यापासून करा. इंजिन चालू केल्यावर दिवा लागून सरळ स्थिर राहिला, तर गाडीचं म्हणणं असतं की हवा कमी आहे. दिवा आधी मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर तक्रार हवेबद्दल नाही, यंत्रणेबद्दल आहे: एक किंवा जास्त चाकांचं गाडीला काही ऐकूच येत नाही. बहुतेक गाड्यांत हा फरक असतो. हा फरक माहीत नसल्यानं लोक लुकलुकणारा दिवा घेऊन पेट्रोलपंपावर जातात, हवा भरतात, पुन्हा भरतात, आणि शेवटी ३३ च्या जागी ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून घरी येतात. दिवा तसाच.

दुसरा प्रश्न: तुमच्या चाकात सेन्सर आहे तरी का? टायरच्या हवेवर नजर ठेवणाऱ्या या यंत्रणेला टीपीएमएस (टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम) म्हणतात, आणि ती दोन जातींची असते. एका जातीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, छोटा सेन्सर असतो आणि तो हवेचा दाब मोजून रेडिओनं गाडीला कळवतो. दुसऱ्या जातीत चाकात काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चाकांचे फेरे मोजणारे जे सेन्सर असतात, त्यांच्याकडूनच गाडी अंदाज बांधते. हवा कमी झालेला टायर थोडा बसतो, त्याची त्रिज्या घटते, आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फिरावं लागतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा भराभर फिरतंय असं दिसलं की दिवा. पाचव्या पिढीची होंडा सिटी, स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन व्हर्टस या गाड्या या दुसऱ्या जातीतल्या.

ओळखायची सोपी खूण म्हणजे स्क्रीन. चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील तर चाकात सेन्सर आहेत. आकडे नाहीत, पण मेनूमध्ये टायर प्रेशर 'सेट' किंवा 'सेव्ह' करायची सोय आहे, तर बहुधा दुसरी जात. व्हॉल्व्ह धातूचा आणि त्याला बाहेरून नट असेल तर आत सेन्सर असण्याची दाट शक्यता. पण व्हॉल्व्ह रबरी आहे म्हणजे सेन्सर नाही, असं समजू नका. रबरी व्हॉल्व्हला जोडलेले सेन्सरही मिळतात, आणि टायरवाल्याकडून मोडतात ते बऱ्याचदा हेच, कारण बाहेरून पत्ताच लागत नाही.

दुसऱ्या जातीची गाडी असेल तर तुमचं काम पाच मिनिटांचं आहे. चाकं बदला, पुढची मागे करा, नवीन टायर घाला, काहीही करा. मग थंड टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि मेनूतून सेट करा. क्रम मात्र उलटा करू नका. हवा कमी असताना सेट केलं, तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजून बसते. आणि दोनच टायर नवीन घातले असतील तर सेट करायला विसरू नका. २१५/६० आर १६ टायरची त्रिज्या साधारण ३३२ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची झिजून ३ उरलेली असेल, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा, म्हणजे दीड टक्क्याचा फरक पडला. एवढा फरक दिसल्यावर बिचाऱ्या गाडीला जुन्या टायरमधली हवा गेली असं वाटणारच.

आता सेन्सरवाल्या गाड्या. माझी त्यातलीच.

झालं असं, की मूळच्या अलॉयपैकी दोन खड्ड्यांत वाकले. पुण्यात राहतो, यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. एका दुकानात नवीन चार अलॉय घेतले, जुने एक्स्चेंजमध्ये दिले, टायर तेच ठेवले. दुकानातून निघताना स्क्रीनवर चारही चाकांपुढे नुसत्या रेघा. पोरगा म्हणाला, गाडी चालली की येतील आकडे. हे वाक्य खरं होतं, म्हणून मीही फसलो. सेन्सरची बॅटरी वाचावी म्हणून चाक उभं असताना तो झोपलेला असतो. आत फिरण्याची जाणीव असलेला चिमुकला भाग असतो, चाक फिरायला लागलं की तो जागा होतो आणि दर थोड्या वेळानं दाब पाठवू लागतो. त्यामुळे चाक बसवल्यावर लगेच आकडे न दिसणं यात बिघाड काहीच नाही. ताशी २५-३० च्या वर दहा ते वीस मिनिटं चालवून बघावं. (संध्याकाळी सहाला कोथरूडमध्ये हा प्रयोग करू नये. सरळ कात्रज-देहूरोड बायपासला जावं.)

मी साताऱ्यापर्यंत जाऊन आलो. येताना दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर माझे जुने अलॉय मागच्या बाजूला रचून ठेवलेले, आणि चारही सेन्सर त्यांच्यातच. नव्या अलॉयना साधे रबरी व्हॉल्व्ह लावून मला वाटेला लावलं होतं. अलॉय त्या रात्रीच विकले गेले असते तर सेन्सरही गेले असते. अलॉय एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर आपले सेन्सर मोजून ताब्यात घ्या, किंवा समोर उभं राहून नव्या चाकात घालून घ्या.

चारपैकी एका सेन्सरची खोकी तडकलेली होती. टायर रिमपासून सोडवताना यंत्राचं लोखंडी पातं नेमकं व्हॉल्व्हपाशी दाबलं गेलं असणार. सेन्सर मोडतो तो इथेच. म्हणून यंत्रावर चाक चढवण्याआधी सांगायचं: "यात सेन्सर आहे, पातं व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावा." टायरची कड वर उचलताना पहारही व्हॉल्व्हजवळ घालायची नाही. टायर परत चढवताना शेवटचा ताण व्हॉल्व्हवर येऊ द्यायचा नाही. चांगल्या कारागिराला हे सांगावं लागत नाही, पण सांगितल्यावर तो रागावतही नाही. जो रागावतो त्याच्याकडे चाक देऊ नका, हे माझं मत.

बाजारातले अलॉय घेताना आणखी एक गोष्ट बघायची राहून जाते. सेन्सरची खोकी रिमच्या आतल्या खोलगट भागात टेकून बसते. काही अलॉयचा आतला आकार असा असतो की खोकी तिथे नीट मावत नाही, वर उचलली जाते आणि टायर चढवतानाच चिरडते. एक्स्चेंजचा सौदा पक्का करण्याआधी एक सेन्सर रिकाम्या अलॉयमध्ये लावून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

तडकलेल्या सेन्सरच्या जागी मी ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला. दिसायला सारखाच. बसवला, पन्नास किलोमीटर चालवली, तरी एका चाकापुढे रेघाच. काढून बघितला तेव्हा अंगावर ३१५ लिहिलेलं दिसलं. भारतात आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे सेन्सर साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतल्या अनेक गाड्यांचे ३१५ वर. आकाशवाणीवर विविधभारती लावून बीबीसी ऐकू येईल अशी वाट बघण्यातला तो प्रकार होता. शिवाय फ्रिक्वेन्सी जुळली तरी पुरत नाही, गाडीच्या कंपनीची बोलण्याची पद्धतही जुळावी लागते. म्हणून एकतर गाडीच्या पार्ट नंबरवरून मूळ सेन्सर घ्या, किंवा प्रोग्रॅम करता येणारा कोरा सेन्सर घ्या. कोरा सेन्सर मात्र चाकात घालण्याआधी उपकरणानं तुमच्या मॉडेलसाठी तयार करावा लागतो. "बसवून टाका, मग बघू" असं केलंत तर पुन्हा टायर उतरवायला लागू शकतो.

इथे सगळ्यात उपयोगी पडला तो तडकलेल्या सेन्सरवर छापलेला नंबर. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो, बहुतेक आठ खुणांचा, शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं मिसळून. गाडी चाकाला ओळखते ती या नंबरानं. शेजारून जाणाऱ्या गाडीचे सेन्सरही त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात, पण त्यांचे नंबर आपल्या गाडीच्या यादीत नसतात, म्हणून त्यांच्याकडे ती लक्ष देत नाही. तुमच्या नव्या सेन्सरचा नंबर यादीत नसेल तर त्याचीही तीच गत. दुसऱ्या एका दुकानातल्या माणसानं माझ्या जुन्या सेन्सरचा नंबर कोऱ्या सेन्सरवर उतरवला. गाडीला काही सांगावंच लागलं नाही. तिच्या दृष्टीनं जुनाच सेन्सर परत आला होता. याला क्लोन करणं म्हणतात, आणि एकदोन सेन्सर बदलायचे असतील तर याच्याइतका बिनकटकटीचा मार्ग नाही.

क्लोन केलं नाही तर गाडीला नवे नंबर शिकवायला लागतात, आणि प्रत्येक कंपनीची शिकवणी वेगळी. काही गाड्या चालता चालता आपोआप शिकतात. काहींना मेनूतून किंवा बटणानं शिकायच्या स्थितीत आणून, मग एकेका व्हॉल्व्हजवळ छोटं उपकरण धरून प्रत्येक सेन्सरला ठरलेल्या क्रमानं जागं करायला लागतं. काहींचे नंबर स्टिअरिंगखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधूनच भरता येतात. आपली गाडी यातली कोणती हे मालकाच्या पुस्तिकेत असतं. गाडी आपोआप शिकणारी असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून शिकवून घेण्यात अर्थ नाही. गाडी तशी नसेल तर 'चालवून चालवून' कन्याकुमारी गाठली तरी दिवा जाणार नाही.

चाकांची अदलाबदल केल्यावर दिवा लागत नाही, पण आकडे चुकीच्या जागी दिसू शकतात, कारण काही गाड्या नंबर ओळखतात, चाक कुठे बसलंय हे ओळखत नाहीत. हे तपासायला उपकरण लागत नाही. पुढच्या डाव्या चाकातली ४-५ पीएसआय हवा सोडा, थोडं फिरून या, आणि स्क्रीनवर कोणता आकडा उतरला ते बघा. मागचा उतरला तर जागा बदलल्यात. हवा पुन्हा भरायला विसरू नका. मी एकदा विसरलो आहे. हा चुकीचा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, पण रात्री घाटात एका चाकाची हवा जात असताना तुम्ही भलतंच चाक टॉर्चनं बघत बसाल.

स्टेपनीबद्दल थोडक्यात. बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा लुकलुकणार. तो बिघाड नाही. पंक्चर काढून मूळ चाक परत लावलं की शांत होतो. खंबाटकीच्या अलीकडे माझं चाक बसलं तेव्हा वेगळीच गंमत झाली: स्टेपनी लावली, पंक्चर झालेलं चाक डिकीत टाकलं, आणि स्क्रीनवर त्या चाकाचा जवळजवळ शून्य आकडा बराच वेळ दिसत राहिला. चाक थांबल्यावर सेन्सर लगेच झोपत नाही, आणि डिकीतला सेन्सरही गाडीला ऐकू जातो. दिसणारा आकडा जमिनीवरच्या चाकाचाच असतो असं नाही. आणि ज्या नव्या गाड्यांत स्टेपनीच नाही त्यांच्या मालकांनी चिडायचं कारण २०२०च्या नियमबदलात आहे. टायर ट्यूबलेस असतील, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते.

त्या किटातलं औषध ही माझी चौथी वेळ. चिकट द्रव टायरमध्ये गेला की छिद्र बुजतं, पण त्याच्यासोबत सेन्सरचं हवा जोखायचं बारीक भोकही बुजू शकतं. मग आकडा एकाच जागी अडकतो किंवा काहीही दाखवतो. औषध वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा. टायर उतरवून सेन्सर ओल्या कापडानं पुसून घेतला तर बऱ्याचदा वाचतो. भोकात टाचणी खुपसू नका. बाहेरून रबरी दोरा घालून काढलेल्या पंक्चरचा मात्र सेन्सरशी काही संबंध नाही.

धातूच्या व्हॉल्व्हची निगा हा कंटाळवाणा विषय, पण रत्नागिरीच्या काकांमुळे मला तो नीट समजला. त्यांनी हौसेनं चकचकीत पितळी टोपणं लावली होती. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, टोपण पितळेचं, वर कोकणची खारी दमट हवा. दोन धातूंत गंज धरून टोपण व्हॉल्व्हशी एकजीव झालं. हवा भरायला म्हणून पक्कडीनं पिळलं, तर टोपणासकट व्हॉल्व्ह हातात आला. चार रुपयांच्या प्लॅस्टिकच्या टोपणाऐवजी हौस केली आणि सेन्सर गेला. व्हॉल्व्हच्या आतली पिनही या व्हॉल्व्हला साधी पितळी चालत नाही, निकेलचा मुलामा दिलेली लागते. टायर उतरवलाच आहे तर नट, रबरी वॉशर, पिन आणि टोपण नवीन घालून घ्यावं. नट हातानं बसवून छोट्या टॉर्क पान्यानं सेन्सरच्या कागदावर लिहिलेल्या मापापर्यंतच आवळायचा. साधारण ४ ते ८ न्यूटन-मीटर एवढंच असतं ते माप, म्हणजे मनगटाचा हलका जोर. हवेची गन त्याच्या जवळही आणू देऊ नका.

बॅटरी संपली हे कसं कळतं? सेन्सर पाच ते दहा वर्षं चालतात. आतली बॅटरी बदलता येत नाही, सगळं लुकणात बंद केलेलं असतं. कापून, डाग देऊन नवी बॅटरी बसवणारे आहेत, पण चाकात ताशी शंभरच्या वेगानं गरगरणारी वस्तू घरी डाग दिलेली असावी असं मला वाटत नाही. संपत आलेली बॅटरी आधी थंडीत दगा देते: सकाळी रेघा, दुपारी आकडा. चारही सेन्सर एकाच वयाचे, त्यामुळे एक गेला की बाकीचे मागोमाग. गाडी सहा-सात वर्षांची असेल आणि टायर बदलायलाच आले असतील, तर मी चारही सेन्सर एकदम बदलीन. नवीन गाडीत एखादा मोडला असेल तर तेवढाच.

व्हॉल्व्हच्या टोकाला टोपणासारखे लागणारे, डॅशबोर्डवर सौर पट्टीचा वेगळा स्क्रीन असलेले सेन्सर काही जण यावर उपाय म्हणून सुचवतात. टीपीएमएस नसलेल्या जुन्या गाडीला ते बरे आहेत. पण गाडीचा मूळ दिवा त्यांनी जात नाही, कारण गाडीला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नसतं.

माझा आतेभाऊ स्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे हा त्रास वर्षातून ठरलेल्या दोन वेळा: ऑक्टोबरात हिवाळी चाकं, ईस्टरला उन्हाळी. युरोपात नोव्हेंबर २०१४पासून प्रत्येक नव्या कारला टीपीएमएस सक्तीचं आहे, आणि त्याची गाडी सेन्सरवाली, त्यामुळे चाकांच्या दोन्ही संचांत सेन्सर हवेतच. त्यानं दुसऱ्या संचावर पहिल्याचेच नंबर क्लोन करून घेतले. आता चाकं बदलली तरी गाडीला पत्ता लागत नाही. अट एकच, काढलेला संच गाडीतच ठेवून फिरायचं नाही, नाहीतर एकाच नंबराचे दोन सेन्सर बोलायला लागू शकतात.

राहिली ती पाचवी वेळ, खरोखरच हवा कमी असल्याची. ती डिसेंबरात आली. मे महिन्यातल्या दुपारी, वीस किलोमीटर चालवून तापलेल्या टायरमध्ये बरोबर ३३ पीएसआय भरून घेतली होती. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय उतरतो. मेमधली चाळीस अंशांची दुपार आणि पुण्यातली डिसेंबरची दहा अंशांची पहाट यांच्यातच पाचेक पीएसआय गेले, टायर चालून तापलेला होता त्याचे दोन-तीन, आणि बाकी सात महिन्यांत हळूहळू झिरपली ती. नायट्रोजन भरला असता तर ही उतरण वाचली असती असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. थंडीत नायट्रोजनचाही दाब तेवढाच उतरतो.

आणि दिवा लागलेला नाही म्हणजे हवा ठीक आहे असंही नाही. अमेरिकेत २००० साली फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर फाटून अपघात झाल्याचं प्रकरण गाजलं, त्यानंतर तिथे कायदा आला, आणि सप्टेंबर २००७पासून नव्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं झालं. त्या नियमातही दिवा लागायची मर्यादा ठरवलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. ३३ च्या टायरसाठी म्हणजे जवळजवळ २५ पीएसआय. तोवर टायर कडेनं झिजत असतो आणि पेट्रोलही जास्त जात असतं. म्हणून घरी एक चांगला गेज ठेवलाय, आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी बघतो.

आता ग्लोव्हबॉक्समध्ये एक चिठ्ठी असते. चारही सेन्सरचे नंबर, कोणता कोणत्या चाकात, कधी बसवला, ४३३ मेगाहर्ट्झ, स्टेपनीत सेन्सर नाही. टायरवाल्याकडे चाक देण्याआधी ती त्याच्या हातात देतो. परवा अलाइनमेंटला गेलो तेव्हा तिथल्या पोरानं ती वाचली, मोबाईलवर फोटो काढला आणि विचारलं, "काका, मागच्या डाव्याचा नंबर खोडून परत का लिहिलाय?" तोच तो ३१५ वाला.